पावसाळ्यात पेट्रोल कुठं जातं

बाबा, तुम्ही मला अभ्यासातला म्हणावा असा प्रश्न आयुष्यात एकदाच विचारला. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीहून अकोल्याला घरी आले होते. आई तव्यावर भाकर टाकत होती, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ताट घेऊन बसला होतात आणि तिखटात तेल कालवत होतात. मी फ्रीजशेजारी फरशीवर पाय पसरून कसलंसं मासिक वाचत होते. तुम्ही म्हणालात, "पेट्रोल पान्यावर तरंगते, बरोबर ना?" मी हो म्हटलं. "मंग एखाद्या विहिरीले उन्हाळाभर त्याचा वास येते, आन पावसाळ्यात येत नाई. पावसाळ्यात ते पेट्रोल कुठं जाते?" मी मान वर केली नाही. म्हटलं, "वाहून जात असंल, बाबा. एवढं पानी पडते, धुऊन निघत असंल." तुम्ही विचारलंत, "पक्कं?" मी म्हटलं, "हो ना." मग तुम्ही "बरं झालं" म्हणून जेवायला लागलात. काय बरं झालं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

तुमच्या पंपाचा प्रश्न म्हणून मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. तुम्ही सव्वीस वर्षं त्या एकाच पंपावर होतात, अकोल्याबाहेर, अमरावतीच्या रस्त्यावर. घरी आल्यावर तुमचा खाकी शर्ट आत यायचा नाही, अंगणातल्या दोरीवरच लटकायचा. पौर्णिमेला विहारात घालायचा पांढरा शर्ट आई वेगळ्या ट्रंकेत ठेवायची, त्याला पेट्रोलचा वास लागू नये म्हणून. दहावीच्या सुट्टीत मी एकदा तुमचा डबा घेऊन पंपावर आले होते. तुम्ही जमिनीत पुरलेल्या टाकीचं झाकण उघडून लांब पितळी दांडा आत सोडत होतात. दांडा वर काढायचा, ओल कुठवर आली ते वाचायचं, टोकाला मलम लावून पुन्हा सोडायचा. तळाशी पाणी शिरलेलं असेल तर तेवढ्या मलमाचा रंग बदलतो, हे तुम्ही मला सांगितलंत. मी हट्ट केला म्हणून दांडा माझ्या हातात दिलात. मी तो सोडला, काढला आणि आकडा सांगितला.

"पुसला काय आधी?"

"नाई."

"मंग तू मघाचंच वाचून राहिली. माहीत नसंल तर माहीत नाई म्हन. मनानं आकडा सांगू नको."

पंपावर तीन-चार ट्रकवाले उभे होते. त्यांच्यासमोर तुम्ही बोललात म्हणून मी रडले होते आणि परत जाताना सायकल इतकी जोरात हाणली की रिकामा डबा रस्त्यावर पडला.

पुढं मी काय शिकले ते तुम्हाला नीटसं कधी सांगता आलं नाही. तुम्ही लोकांना सांगायचात, "पोरगी जमिनीतल्या पान्याचं शिकून राहिली." ते खरंच होतं. पण माझं काम नुसत्या पाण्याचं नाही. माती, मुरूम, खडक यांच्या बारीक पोकळ्यांतून एकापेक्षा जास्त पातळ पदार्थ एकाच वेळी कसे सरकतात, याचं गणित मी मांडते. मातीच्या कणांमध्ये जी जागा असते ना, तिथं तिघं राहायला असतात. पाणी कणाला चिकटून बसतं. हवा मोकळ्या जागेत मधोमध असते. आणि वरून पेट्रोल झिरपलं, तर ते या दोघांच्या मध्ये अंग चोरून शिरतं. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट अडवतो. पेट्रोलला सलग वाट मिळाली तर ते पुढं जातं, वाट तुटली की जागच्या जागी थेंब होऊन अडकतं. एकाच्या हालचालीवर दुसऱ्याची अवलंबून, म्हणून तिघांची समीकरणं एकत्र सोडवावी लागतात. ती हातानं सुटत नाहीत. संगणकावर जमिनीचे हजारो लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात कोण किती आहे हे दिवसामागून दिवस मोजत न्यायचं. आता मी अमरावतीच्या एका कॉलेजात हे शिकवते. माझे केस पांढरे झालेत आणि मुलं मला घाबरतात.

तुम्ही गेल्यानंतर, मागच्या वर्षी, तुमचा पंप उखडला. बंद तर तो आधीच पडला होता. रस्ता रुंद करताना टाक्या काढल्या, तेव्हा एका टाकीच्या बुडाला, शिवणीपाशी, पोखरल्यासारखी गंजलेली भोकं निघाली. खालची माती ओंजळीत घेतली तरी वास येत होता. ही जमीन किती दूरवर आणि किती खोल खराब झाली आहे हे शोधायचं काम आमच्या कॉलेजकडं आलं आणि कॉलेजनं ते माझ्याकडं दिलं. तो पंप कोणाचा, तिथं कोण कामाला होतं, हे कॉलेजात कुणाला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.

दोन विद्यार्थिनींना घेऊन मी तिथं गेले. जिथं तुम्ही दुपारी खुर्ची टाकून बसायचात त्या कडुलिंबाचं बुड तेवढं उरलंय. आम्ही ठिकठिकाणी छिद्रं पाडून माती काढली. वर काळी माती, खाली चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळी चिकण माती, त्याखाली मुरूम आणि मग काळा खडक. उन्हाळ्यात काळ्या मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. हे सगळं आम्ही संगणकात भरलं, पावसाळ्यात वर येणारं आणि उन्हाळ्यात खाली जाणारं पाणीही भरलं. मग टाकीतून थोडं थोडं पेट्रोल सोडायला लागलो.

आणि एका दुपारी तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर पडद्यावर आलं. पेट्रोल मुरुमातून उतरून भूजलाच्या पाठीवर पसरतं. जून-जुलैत पाणी वर चढतं, तेव्हा सगळं पेट्रोल त्याच्यासोबत वर येत नाही. बरंचसं पोकळ्यांमध्येच अडकतं, पाणी त्याच्या भोवतीनं आणि वरून निघून जातं. विहिरीत डोकावलं तर तवंग नाही, वास नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, पोकळ्यांत हवा शिरली की ते अडकलेलं पेट्रोल पुन्हा सुटतं, पाण्यामागून खाली उतरतं आणि विहिरीत दिसू लागतं. ते कुठंही गेलेलं नसतं, बाबा. पाण्याखाली बुडून बसलेलं असतं, आणि बसल्या बसल्या थोडं थोडं पाण्यात विरघळत असतं. विरघळलेल्याचा वास नाकाला कळेलच असं नाही. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅम, किती छान आलंय." मी तिला चहा आणायला पाठवलं.

दुसरं उत्तर त्याच आठवड्यात आलं. आज पेट्रोल जिथवर पोचलंय तिथवर पोचायला त्याला किती वर्षं लागली असतील, हे आमचं संगणकातलं मॉडेल मागं चालवून काढता येतं. एक वर्ष नेमकं सांगता येत नाही, अलीकडं-पलीकडं धरून एक काळ सांगता येतो. तो सगळा काळ तुम्ही पंपावर होतात तेव्हाचा निघाला. रोज सकाळी दांडा तुमच्याच हातात असायचा. उन्हाळ्यात टाकी उगाच उतरते हे तुम्हाला दिसलं असणार. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी त्याच भोकांतून आत येऊन मलमाचा रंग बदलतो, हेही तुम्हाला दिसलं असणार. ज्या माणसानं मला न पुसलेल्या दांड्यावरून रडवलं, त्याला हे कळलं नसेल असं मी स्वतःला पटवू शकले नाही.

पंपाच्या मागच्या बाजूला, नाल्याच्या उताराला, हाकेच्या अंतरावर एक विहीर आहे. तुम्हाला ठाऊकच आहे. भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्या माळ्याच्या घरची. मेथी, पालक, कडेला झेंडू आणि शेवंती. मी भाद्रपदात तिथं पाण्याचा नमुना घ्यायला एकटीच गेले. एक म्हातारी झेंडू तोडत बसली होती. मी कॉलेजातून आलेय, विहिरीचं पाणी बाटलीत न्यायचंय, एवढंच सांगितलं. तिनं मला बाजेवर बसवलं, आत जाऊन पाण्याचा गिलास आणला.

"पी बाई. उन्हातून आली. पावसाळ्यात गोड राह्यते आमचं पानी. उन्हाळ्यात नाई पेत आमी."

गिलास माझ्या हातात. पाणी अगदी नितळ. मी विचारलं, "उन्हाळ्यात काहून नाई पेत?"

"वास येते रॉकेलसारखा. पंपाचं पेट्रोल येते म्हने. तवाच्या पंपावरच्या दादानं सांगितलं होतं. लई चांगला मानूस." मग ती माझ्याकडं बघत राहिली. "तुह्या कपायाची ठेवण त्याच्यासारखी हाय. त्याची कोनी लागते काय तू?"

मी म्हटलं, "मुलगी."

बाबा, त्या बाईनं माझे दोन्ही हात धरले. गिलास बाजेवर कलंडता कलंडता राहिला. मग ती सांगत गेली आणि मी ऐकत राहिले. तुम्ही एका सकाळी कामावर जायच्या आधी त्यांच्या अंगणात सायकल लावलीत आणि म्हणालात, वहिनी, हे पानी पेऊ नका, आमच्या टाकीतलं पेट्रोल येऊन राहिलं. तिनं विचारलं, मालकाला सांगितलं का. तुम्ही म्हणालात, सांगितलं. मालक म्हणाला उन्हानं उडून जाते, आणि तुला पटत नसेल तर घरी बस. "मंग म्या म्हटलं, दादा, सरकारात जाऊन सांगा. तर मान खाली घालून उभा राह्यला. म्हने, वहिनी, पोरगी शिकून राहिली." ती हे सांगताना तुमच्यावर रागावलेली नव्हती. मीच खाली बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कॅरिअरला डबा बांधून त्यांच्याकडं पाणी आणायला लागलात. आपल्या घरचं, नळाचं. "माही सासू होती तवा. तिनं पयल्या दिवशी डबा आंगनातच ठेवला. तुमच्या हातचं कसं घ्यावं म्हने. उन्हात तापलं पानी. दुसऱ्या दिवशी तसंच. तुह्या बापाले दिसलं नसंल काय? पर तिसऱ्या दिवशी बी आनलं त्यानं. तवा सासूच उठली आन गिलास भरून घेतला. मंग मरेपर्यंत त्याची वाट पाहे." उन्हाळ्यात तुम्ही घरून अर्धा तास आधी निघायचात. आई म्हणायची, उन्हाच्या आत पोचायचं असतं त्यांना. पावसाळ्यात तुम्ही उशिरा निघायचात, तेव्हा ती म्हणायची, पाऊस उघडायची वाट बघतात. आम्ही दोघींनी ऋतूंवरून तुमची कारणं ठरवून टाकली होती.

"आन पावसाळ्यात?" मी विचारलं. विचारायच्या आधीच मला कळलं होतं.

"पावसाळ्यात प्या म्हने. एका वर्षी येऊन सांगितलं त्यानं. म्हने, माह्या पोरीले इचारलं, ते इंजिनिअर होऊन राहिली. ते म्हने पावसानं सारं धुऊन जाते. लई खुश होता त्या दिवशी. तुह्याच सांगन्यावर पेतो बाई आमी, इतकी वर्सं."

मी गिलास खाली ठेवला. त्यांच्या घरात कोण कशानं आजारी पडलं, कोण कशानं गेलं, हे विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. शेवटी विचारलं. ती म्हणाली, बुढा गेला चार वर्षांमागं, वय झालं होतं. नातवाच्या अंगावर चट्टे उठतात, डॉक्टर म्हणतो उन्हानं. एवढंच. यातलं किती त्या पाण्याचं, हे कुणी सांगू शकणार नाही. मीही नाही. माझ्या मॉडेलमध्ये माणसं नसतात.

मग मी तिला सांगितलं. बाबांनी मला विचारलं तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं मी म्हटलं नाही. मासिक वाचत होते, मनाला येईल ते सांगितलं. पेट्रोल पावसाळ्यात जात नाही, तिथंच असतं, तुम्ही ते इतकी वर्षं थोडं थोडं पीत आला असाल. मी हे शुद्ध भाषेत सांगायला लागले होते, मध्येच माझी बोली बदलली. ती ऐकत होती. मांडीवरच्या झेंडूंचे देठ एकसारखे करत होती. नंतर म्हणाली, "मंग भाजीले चालते काय हे पानी?"

"माहीत नाई, मावशी. तपासल्याशिवाय नाई सांगता येत."

"तपासून सांग," ती म्हणाली. "या खेपेले तपासून सांग."

ती माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं मला निघताना मेथीची जुडी दिली. मी ती घेतली, आणि अमरावतीपर्यंत मांडीवर धरून बसले. घरी आल्यावर ती शिजवली नाही, फेकलीही नाही. दोन दिवसांनी पानं पिवळी पडली.

नमुन्यात पेट्रोलचे अंश निघाले. भाद्रपदातल्या नितळ पाण्यात, वास नसताना. मी निकाल घेऊन स्वतः गेले, त्यांच्या मुलाला आणि सुनेला समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. मुलगा चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. तो म्हणाला, "तुमचे बाबा चांगले होते. पर चांगल्या मानसानं कुठं लिहून द्यायला पाह्यजे होतं ना एखांदा कागद." तुमची बाजू घ्यावीशी वाटली आणि घेता आली नाही. तुम्ही कागद दिला असता तर मी दुसऱ्या वर्षातूनच घरी आले असते, हे खरं आहे, पण ते त्याला ऐकवणं माझ्या तोंडून झालं नाही. विहिरीवर आता जाळी बसवून कुलूप लावलंय. चढाच्या बाजूला, पंपाच्या वरच्या अंगाला, बोअर घेऊन दिलाय, त्याचं पाणी मी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन्ही वेळा तपासलं, तेव्हाच हो म्हटलं. विहिरीभोवतीच्या जमिनीत दोन वर्षं पालेभाजी घ्यायची नाही असं ठरलंय. म्हातारीला ते पटलेलं नाही, ती कडेनं झेंडू लावतेच. झेंडू कोणी खात नाही, असं तिचं म्हणणं. जमिनीतलं पेट्रोल हवा ओढून काढायचं काम सुरू झालंय, सगळं निघणार नाही, ते मी अहवालात लिहिलंय. गळती केव्हा सुरू झाली तेही लिहिलंय, तो काळ जसा निघाला तसा. पंपावर रोज टाकी मोजणाऱ्याला ती कळली असली पाहिजे आणि त्यानं मालकाला सांगितल्याचं शेजारच्या कुटुंबाचं म्हणणं आहे, असं एक वाक्य आहे. ते लिहायला मला एक सबंध दिवस लागला. तो मोजणारा माझा कोण, हे मी कॉलेजला त्याच दिवशी कळवलं. त्यांनी दुसऱ्या एका प्राध्यापकाकडून सगळं गणित तपासून घेतलं. उत्तर तेच आलं.

मला तुमचा राग यायला हवा होता का, हे मी खूपदा स्वतःला विचारते. तुम्ही गप्प राहिलात ते माझ्यासाठी. डबा वाहिलात तो तुमच्यासाठी, असं मला आता वाटतं, कारण त्याशिवाय तुम्हाला त्या टाकीवर रोज उभं राहता आलं नसतं. आणि ज्या वर्षी मी "धुऊन निघत असंल" म्हटलं, त्या वर्षी तुमच्या मनावरचं अर्ध्या वर्षाचं ओझं उतरलं. "बरं झालं" म्हणालात ते त्याचं होतं. तुम्हाला तेवढं हलकं वाटलं याचं मला बरं वाटतं आणि त्याच क्षणी लाज वाटते, दोन्ही एकमेकांत न मिसळता.

हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, म्हणून एक राहिलेलं इथंच लिहिते. मॉडेलमधून गळतीचा काळ पहिल्यांदा आला, तेव्हा मी लगेच म्हातारीकडं गेले नव्हते. विद्यार्थिनी त्या दिवशी लवकर घरी गेल्यावर मी मुरुमाचा एक आकडा बदलला. पेट्रोल त्यातून किती सहज सरकतं, तो. फार नाही, पटेल एवढाच वाढवला. मॉडेल पुन्हा चालवलं, पेट्रोल कमी वर्षांत तिथवर पोचलं आणि गळती तुम्ही पंप सोडल्यानंतरच्या वर्षात सुरू झाली. चित्र तेवढंच सुबक दिसत होतं. कुणी प्रश्न विचारला नसता. पूर्ण दुपार मी त्या चित्रासमोर बसून राहिले, त्यात तुमचा काहीच दोष नव्हता. संध्याकाळी जुना आकडा परत घातला. पण ती दुसरी फाईल मी अजून पुसलेली नाही, बाबा. कधीकधी उघडून बघते.